आघातानंतरची वही: चार ओळींचा आधार कसा घ्यावा

२६ जुलै २००५ च्या संध्याकाळी मी साकीनाक्याच्या ऑफिसातून कुर्ला स्टेशनकडे चालत निघाले होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे नंतर पेपरात वाचलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की गुडघ्याचं पाणी कमरेला आलं आणि कमरेचं छातीला. अनोळखी माणसांनी हात धरून साखळी केली होती. माझ्या उजव्या हातात एका बाईचा हात होता, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला. एका वळणावर पाण्याला ओढ होती. साखळी तुटली, हात सुटला. ती बाई पुढे कुणाच्या हाताला लागली की नाही, मला आजही माहीत नाही.

चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? माझं काही गेलं नव्हतं. घर तिसऱ्या मजल्यावर, घरचे सुखरूप. फक्त जून लागला की झोप उडायची, आणि बादलीत नळाचं पाणी पडायला लागलं की उजव्या हाताची मूठ आपोआप आवळायची. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले. तिसऱ्या-चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, ‘बोलवत नसेल तर चार ओळी लिहून आणा. पाच नकोत.’

कवितेच्या त्या चार ओळींनी मला जे शिकवलं, आणि नंतर काही वर्षं परळला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी सहा-सात जणांबरोबर लिहिताना जे कळलं, ते इथे मांडते आहे. मी डॉक्टर नाही, मोठी कवयित्री तर नाहीच. हा उपचाराला पर्याय नाही. उपचाराच्या सोबतीने, किंवा उपचारापर्यंत पोचण्यासाठी, हाताशी ठेवायची एक रीत आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘लिही म्हणजे मन मोकळं होईल’ असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मन म्हणजे गच्चीवरची टाकी नव्हे, की तोटी सोडली आणि रिकामी झाली. आघाताची आठवण सोडून दिली तर ती वाहतच राहते, मधूनच सुरू होते, तिथेच येऊन अडते, परत सुरू होते. तिला शेवट नसतो. कवितेला असतो. चौथी ओळ संपली की पान कोरं असतं. आठवणीला घरात किती आणि किती वेळ येऊ द्यायचं हे ठरवण्याची सवय त्या चार ओळींत लागते.

आधी हे तपासा

घटना ताजी असेल, म्हणजे महिनाही उलटला नसेल, तर त्या घटनेवर लिहायला बसू नका. पूर्वी दुर्घटनेतून वाचलेल्यांना लगेच गोळा करून झालेलं सगळं सविस्तर बोलायला लावायची पद्धत होती. अभ्यास झाले तेव्हा तिचा फायदा दिसला नाही, काहींचा त्रास उलट वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनाही आता ती पद्धत सुचवत नाही. पहिल्या दिवसांत माणसाला लागतं ते जेवण, झोप, सुरक्षित जागा, कागदपत्रांची मदत आणि शेजारी बसणारं कुणीतरी. त्या काळात फार तर वहीत रोजची एक ओळ लिहा: आज काय खाल्लं, कोण भेटलं. ती कविता नसली तरी चालेल.

घरात त्रास देणारा माणूस अजून घरातच असेल तर वही घरात ठेवू नका. ती सापडली तर काय होईल, याचा विचार आधी आणि कवितेचा नंतर. जीव द्यावासा वाटत असेल, किंवा लिहिताना आपण कुठे आहोत याचं भान सुटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येतं.

जागा, वेळ, वही

‘शांत खोलीत बसा’ असं लिहिणारे लेखक बहुधा दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांबरोबर राहिलेले नसतात. मुंबईत स्वतःची खोली नसते, स्वतःचा कोपरा शोधावा लागतो. आमच्या शनिवारच्या वर्तुळातली एक मावशी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसून लिहायची, दुपारी तीन वाजता, चाळ झोपलेली असताना. एक मुलगी कारशेडकडे जाणाऱ्या गाडीसारख्या रिकाम्या डब्यात लिहायची: सकाळी गर्दीच्या उलट दिशेची लोकल पकडायची आणि खिडकी मिळवायची. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी जुनी वाचनालयं आहेत, तिथे वही उघडून बसलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. बाग, चौपाटीचा कट्टा, देवळाचा ओटा, काहीही चालेल. अट एकच: जी जागा घटनेची आठवण करून देते ती नको, आणि जिथे झोपता तो पलंगही नको. रात्री झोपण्याआधी तर लिहूच नका. जे वर येतं ते उशाशी घेऊन झोपावं लागतं.

वही साधी, शंभर पानी. खाकी कव्हर घाला आणि वर ‘दूध व इस्त्री हिशेब’ असं लिहा. गंमत नाही करत. आमच्यातल्या तिघींनी असंच केलं होतं आणि कुणाच्याही घरच्यांना त्या वहीत कधी रस वाटला नाही. फोनवर लिहायचं असेल तर फोन खरोखर एकट्याचा आहे ना, ते बघा.

वेळ पंधरा मिनिटं. फोनवर हलक्या आवाजाचा गजर लावा. एकीने कुकर लावून तीन शिट्ट्यांचा हिशेब ठेवला होता. पहिल्याच शिट्टीला ती इतकी दचकली, की डाळ आणि कविता दोन्ही राहून गेलं. दचकण्याची सवय लागलेल्यांनी कुकर टाळावा.

बसल्यावर पहिली दोन मिनिटं

तळपाय जमिनीला टेकवा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, ऐकू येणारे तीन आवाज, हाताला लागणाऱ्या दोन गोष्टी. ‘कठडा ओला, पंखा, चपला, तुळस, पाण्याचा पिंप.’ हेच वहीत लिहून काढलं तरी चालतं. आज कोणती तारीख, कोणता वार, मी कुठे आहे, हेही लिहा. आघाताची आठवण काळ विसरायला लावते, म्हणून पानाच्या डोक्यावर काळ बांधून ठेवायचा.

मग मनाशी एक अंक ठरवा. आज ज्याबद्दल लिहिणार आहे ते आठवलं की शून्य ते दहामध्ये त्रास किती होतो? दहाचं आज नाही. तीन-चारचं घ्या. दवाखान्याच्या बाकाबद्दल लिहा, ऑपरेशनबद्दल नको. बहुतेक जण थेट दहावर उडी मारतात आणि परत वहीकडे फिरकत नाहीत.

आधी वाचा

कवितेचा उपचारात वापर करणाऱ्यांचा एक जुना नियम आहे: माणसाच्या आत्ताच्या मनःस्थितीशी जुळणारी कविता द्यायची, तिच्या उलट मनःस्थितीची नाही. उदास माणसाला उमेदीची कविता वाचायला दिली की तो आणखी एकटा पडतो. ‘सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही’ असं त्याला वाटतं. उदास कविता दिली की निदान कुणीतरी इथून आधी गेलंय हे कळतं. मात्र निवडलेल्या कवितेच्या शेवटाकडे एखादी फट हवी, जिथून थोडा उजेड येतो. संपूर्ण अंधाराच्या, मरणाला कवटाळणाऱ्या कविता या कामासाठी नकोत, मग त्या कितीही थोर असोत.

वाचून झाल्यावर कवितेचा अर्थ लावू नका. शाळेतल्या ‘कवीला काय म्हणायचे आहे’ने आपल्या पिढ्यांचं पुरेसं नुकसान केलंय. तुम्हाला अडकवणारी एक ओळ, एक शब्द निवडा, वहीत उतरवा आणि तिथून स्वतःची ओळ सुरू करा. एखादा आठवडा नुसतं वाचन आणि एक ओळ, एवढंच केलंत तरी पुरे.

शरीराचे शब्द

हा टप्पा मला सगळ्यात आवडतो, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

‘तुला काय वाटतंय?’ या प्रश्नाला आघातातून गेलेल्या माणसाकडे उत्तर नसतं. ‘काही नाही’ हेच उत्तर येतं, आणि ते खोटं नसतं. पण ‘अंगात कुठे होतंय?’ असं विचारा, मराठी माणूस लगेच बोलायला लागतो. आपल्या भाषेने भीती आणि दुःख अंगाअंगात वाटून ठेवलंय. छातीत धस्स होतं. पोटात गोळा येतो. काळजाचं पाणी होतं. घशात आवंढा अडकतो. तोंडचं पाणी पळतं. हातपाय गळतात, कानशिलं तापतात, दातखीळ बसते, डोळ्यांपुढे अंधारी येते, अंगावर काटा येतो. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘धसका’ आणि ‘हाय खाणं’. माझी आजी म्हणायची, ‘त्याने हाय खाल्ली.’ ट्रॉमा हा शब्द तिला माहीत नव्हता, गोष्ट पुरेपूर माहीत होती.

करायचं असं. या यादीतून तुमचे तीन शब्दप्रयोग निवडा. आता त्यातला एक अगदी शब्दशः घ्या. पोटात गोळा येतो ना? मग तो कशाचा आहे? बर्फाचा, कणकेचा, लोखंडाचा? केवढा? गरम की गार? हलतो का? दुपारी कुठे जातो? प्रत्येक उत्तराची एक ओळ. यमक नको, घटनेचा उल्लेखही नको.

वर्तुळात एक निवृत्त बसचालक काका होते. डेपोत आयुष्य गेलेलं, कवितेचं नाव काढलं की हसायचे. त्यांनी लिहिलं: ‘माझा गोळा ओल्या कणकेचा. लाटायला घेतला तर पोळपाटच हलतो.’ खोलीत कुणी काही बोललं नाही. मग काकाच म्हणाले, ‘अरे, हे बरोबर आहे.’ एका अपघाताबद्दल काकांनी सहा वर्षांत घरी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्या दिवशीही काढलं नाही. पण गोळ्याला आकार मिळाला होता.

भावनेला नाव देण्याचा मेंदूवर परिणाम होतो हे प्रयोगात दिसलेलं आहे. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन काढले होते. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डला, म्हणजे मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी उसळायचा. आपली भाषा नावं देण्यात उदार आहे, त्याचा फायदा घ्या.

घटनेच्या कडेची वस्तू

शरीराच्या शब्दांवर दोन-तीन आठवडे झाले की घटनेकडे वळा, पण तिच्या मध्यावर नको. कडेची एखादी वस्तू घ्या. पायातली चप्पल, डबा, पास, छत्री, दवाखान्याची हिरवी चादर, बंद पडलेलं घड्याळ. त्या वस्तूला बोलू द्या किंवा तिला बघून लिहा. वस्तूला अश्रू नसतात, म्हणून ती सगळं नीट सांगते.

मी पाण्याबद्दल कधीच लिहू शकले नसते. मी बांगडीबद्दल लिहिलं. चार दिवसांनी माझ्या तळहातात एक बारीक हिरवी काच सापडली होती, तिच्याबद्दल. पहिल्या खेपेला नुसती वस्तूंची यादी झाली: काच, तळवा, आयोडीन, कापूस. त्या यादीने मला रडवलं आणि त्या रात्री मी झोपले.

सहा, सहा, सहा, चार

आता छंद. मुक्तछंद सोपा असं वाटतं, पण या कामाला मी आधी बांधीव छंद सुचवते, आणि आपल्या घरातलाच: अभंग. मोठ्या अभंगाचं माप सरळ आहे. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. लघु-गुरूची भानगड नाही. जोडाक्षर एकच मोजायचं. बोटांवर मोजता येतं, लोकलमध्ये उभ्याने येतं. देवाचं नाव घ्यायलाच हवं असंही नाही.

झोप न येणाऱ्या, रुळांजवळ राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलेला हा:

रात्री झोप नाही
गाडीचा तो भोंगा
कानी घाली दंगा
पुन्हा पुन्हा

आणि हा माझा पहिला:

हात होता हाती
बांगडी काचेची
ओळख क्षणाची
पाणी नेई

मोजण्याने काय होतं? अक्षरं मोजणारं मन त्याच वेळी आठवणीत बुडू शकत नाही. एक पाय काठावर राहतो. यमक शोधताना तुम्ही न ठरवलेला शब्द हाताला लागतो. मला ‘काचेची’ला यमक हवं होतं म्हणून ‘क्षणाची’ आलं, आणि त्या शब्दाशी मी थांबले. चार वर्षं मी त्या बाईला माझी जबाबदारी समजत होते. ओळख तर क्षणाची होती. आणि शेवटचं म्हणजे तो आखूड चरण. चार अक्षरांत तुम्हाला थांबावंच लागतं. रडू आलं तरी अक्षरं चारच.

एक सावधगिरी. यमकासाठी खोटं लिहू नका. ‘विसरून जाई’ बसत असेल पण विसरला नसाल, तर यमक मोडा.

ज्यांना मोजामोजी जमत नाही त्यांनी ओवीच्या हाकेचा आधार घ्यावा. जात्यावर बसून बायकांनी सासर, उपास, मेलेलं लेकरू, सगळं सांगितलं ते ‘बाई’, ‘सखे’ अशी कुणाला तरी हाक मारून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. घरात ज्यावर बोलायची सोय नव्हती ते जात्याच्या घरघरीत बोलता येत होतं. आज जातं नाही, पण हाक आहे. प्रत्येक ओळीची सुरुवात ‘सखे,’ किंवा ‘दादा,’ किंवा तुमच्या मेलेल्या आजीच्या नावाने करून बघा. कुणीतरी ऐकतंय असं धरून लिहिलेली ओळ वेगळी येते.

मी, ती, तू

एखादी ओळ ‘मी’ने लिहवतच नसेल तर ‘ती’ किंवा ‘तो’ने लिहा. ‘मी जिन्यावर बसले होते’ऐवजी ‘ती जिन्यावर बसली होती’. स्वतःकडे थोडं लांबून पाहिलं तर त्रासदायक आठवणीचा विचार कमी उसळीने करता येतो, हे ईथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. मराठीत तर क्रियापदाचं रूपसुद्धा बदलतं, त्यामुळे अंतर आणखी स्पष्ट जाणवतं. काही आठवड्यांनी त्याच कवितेत ‘ती’ला ‘तू’ म्हणा, तिच्याशी बोला. मग कधीतरी ‘मी’. घाई नाही. एका मुलीची कविता दीड वर्ष ‘ती’मध्येच राहिली, आणि तसंच ठीक होतं.

चार दिवसांची पद्धत, आणि तिच्या मर्यादा

लिहिण्याने बरं वाटतं का, यावरचा सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांचा, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या आघातावर. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं. हे दुसरं वाक्य सगळे विसरतात. म्हणून लिहिल्यावर लगेच ऑफिसात किंवा भांडखोर सासूसमोर जायचं नाही. मध्ये अर्धा तास ठेवा: चहा, चालणं, तोंड धुणं.

त्यानंतर असे पुष्कळ अभ्यास झाले. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी फायदा आहे, पण लहान आहे, असं निघालं. शिवाय हे बहुतेक गद्य लेखनावरचे अभ्यास, कवितेवरचं काम त्याहून थोडं. मला ही माहिती धीर देणारी वाटते. लहान फायदा देणारी, जवळजवळ फुकट गोष्ट. चहासारखी म्हणा. आजार बरा करत नाही, दुपार निभावते.

ज्यांचा त्रास पाच-सहाच्या खाली आलाय त्यांनी चार दिवसांचा प्रयोग करून बघावा. पहिल्या दिवशी वस्तू, दुसऱ्या दिवशी शरीर, तिसऱ्या दिवशी घटनेतला एकच क्षण, चौथ्या दिवशी ‘कारण’ आणि ‘आता कळतं’ हे शब्द घालून चार-सहा ओळी. चौथ्या दिवसाला आधार आहे: पेनेबेकरांच्या पुढच्या कामात, ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कारणांचे आणि उमजण्याचे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. आणि कुठल्याही दिवशी फार झालं तर विषय बदला, वही मिटा. अर्धवट कविता हा गुन्हा नाही.

दुसरा खर्डा

पहिला खर्डा येतो, दुसरा तुम्ही करता. आठवड्याने तीच कविता काढा आणि फक्त तीन गोष्टी करा. एक शब्द काढा. एक शब्द बदला. एक ओळ मोडून दोन करा, किंवा दोन जोडून एक. बस. घटना घडली तेव्हा तुमच्या हातात काही नव्हतं. इथे स्वल्पविरामसुद्धा तुमच्या हातात आहे. खूप जणांना खरा आराम इथे मिळालेला मी पाहिला आहे, पहिल्या रडण्यात नाही.

दुसऱ्या खर्ड्यावरून आणखी एक कळतं. महिन्याच्या चार कविता शेजारी ठेवा. काही बदलतंय का? नवी वस्तू, नवं माणूस, एखादा प्रश्न? की तेच वाक्य गोल फिरतंय, ‘मीच का, मीच का’? फिरत असेल तर कविता आता मदत करत नाही, जखम उकरते आहे. लिहिणं थांबवा आणि ते पान घेऊन समुपदेशकाकडे जा.

माझ्या अभंगाला दुसरा भाग यायला सहा वर्षं लागली:

नाव नाही ठावे
तरी पावसात
उघडते हात
तिच्यासाठी

कुणाला दाखवायचं

बहुधा कुणालाच नाही. निदान पहिले तीन महिने. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. तिथे तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसाला हात जोडलेल्या चित्रांची रांग आणि खाली ‘सकारात्मक राहा’ येतं.

वाचून दाखवायचंच असेल तर एका माणसाला, समोर बसून, आधी सांगून: ‘सल्ला नको, नुसतं ऐक.’ गट करायचा असेल तर आमचे नियम उचला. वाहवा नाही. दुरुस्ती नाही. ‘हे खरंच घडलं का?’ विचारायचं नाही. ‘आज नको’ म्हणण्याचा हक्क सगळ्यांना, कारण न देता. खोलीतलं खोलीत. आणि शेवटची दहा मिनिटं चहा आणि भाजीचे भाव, काहीही झालं तरी.

यातला ‘आज नको’चा नियम माझ्या चुकीतून आला. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी एक नवीन ताई आली होती. छान लिहिलं होतं तिने, मी उत्साहाने म्हटलं, ‘वाचा ना, वाचा.’ तिला नाही म्हणता आलं नाही. दुसऱ्या ओळीला तिचा श्वास अडकला, पुढचा अर्धा तास आम्ही तिच्या पाठीवर हात फिरवत बसलो. ती परत आली नाही. तिच्या बाबतीत कुणीतरी आधीही तिचं ‘नको’ ऐकलं नव्हतं, आणि ते मी पुन्हा केलं. त्यानंतर मी कुणाला ‘वाचा ना’ म्हटलेलं नाही.

तारखा

आघाताला तिथी असते. मुंबईला तर खूपच आहेत. १२ मार्च आणि ११ जुलैचे बॉम्बस्फोट, २६ जुलैचा पूर, २६ नोव्हेंबरचा हल्ला: त्या दिवशी टीव्ही तेच फुटेज दिवसभर फिरवतो. ज्याची तारीख पेपरात येत नाही, बापाच्या जाण्याची किंवा त्या एका रात्रीची, त्याचंही शरीर कॅलेंडर ओळखतं. चिडचिड, पाठदुखी, झोपमोड आठवडाभर आधी सुरू होते आणि कारण लक्षात येत नाही.

तारखेच्या दिवशी लिहू नका. तीन-चार दिवस आधी लिहा, वही मिटून ठेवा. त्या दिवसासाठी एक काम ठरवून ठेवा, हाताने करायचं: मोदक, कपाटाची आवराआवर, बहिणीकडे जाणं. मी २३ जुलैला लिहिते. २६ ला टीव्ही बंद असतो आणि मी पापड भाजते. हवामान खात्याचा इशारा आला तर ऑफिसला सुट्टी टाकते, आणि त्याबद्दल आता लाज वाटून घेत नाही.

कविता पुरत नाही तेव्हा

महिना उलटूनही झोपेत तेच दिसत असेल, त्या रस्त्याने, त्या गाडीने जाणं बंद झालं असेल, सतत दचकायला होत असेल, माणसं परकी वाटत असतील, दारू वाढली असेल, तर तज्ज्ञांकडे जा. आघातावर परिणामकारक ठरलेले मानसोपचार आहेत. आघातकेंद्री सीबीटी (आघाताभोवतीचे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला मदत करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीवर काम करणारा उपचार) ही नावं विचारून घ्या. परळचं केईएम, सायनचं टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर आणि भायखळ्याचं जेजे या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केस पेपर काढायचा, रांग धरायची. सकाळी लवकर गेलेलं बरं. सोबत कुणाला तरी घ्या.

आणि वही न्या. ओपीडीत डॉक्टरांच्या वाट्याला एका माणसासाठी थोडी मिनिटं येतात, आणि नेमकं तिथेच दातखीळ बसते. रुळांजवळ राहणाऱ्या त्या बाई तीन वेळा ओपीडीतून ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगून परत आल्या होत्या. चौथ्या वेळी त्यांनी वही उघडून टेबलावर सरकवली. ‘दूध व इस्त्री हिशेब’ वाचून डॉक्टर गोंधळल्या. मग त्यांनी भोंग्याच्या चार ओळी वाचल्या, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘कुठली गाडी, मावशी?’